मिस्तरींचं साडेबाराचं जेवण

"मोटर थांबंल राव, पोट नाय थांबत," असं म्हणत मिस्तरी शटर अर्धं खाली ओढायचे. बाहेर अवसरी बुद्रुकचा एखादा शेतकरी जळालेली मोटर पिकअपमधून उतरवून उभा असायचा. कांद्याची लागण पाण्यावाचून खोळंबलेली, बायका रानात बसून राहिलेल्या. मिस्तरी मात्र आत कोपरापर्यंत साबण लावून हात धूत असायचे. आणि शेतकरी भांडायचा म्हणता? छे! त्याच मोटरीवर बसून तंबाखू मळायचा आणि थांबायचा.

माझं खत-बियाण्याचं दुकान त्यांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानाशेजारी, मंचरच्या बाजारपेठेत. माझ्यासाठी आजवर कुणी एवढं थांबलेलं नाही.

असा एक माणूस तुमच्याही शेजारी असेल. त्याचं सगळं वेळच्या वेळी आणि बेताचं, आणि त्याच्यामुळे तुमच्या घरात रोज तुमची शोभा. मिस्तरींच्या डब्यात बाजरीची भाकरी, पालेभाजी नाहीतर मटकीची उसळ, एक मुळा आणि बाटलीत ताक. कधी हुलग्याची शेंगोळी. घास असा चावायचे, जणू दातांना रोजावर लावलंय. जेवण झालं की गल्लीच्या टोकापर्यंत सावकाश एक फेरी, मग पुन्हा तारेची वेटोळी हातात. साठीला आलेला माणूस, पण पोट सपाट.

माझं पोट माझ्या आधी गिऱ्हाइकाला भेटतं. मी दिवसभर लोकांना बजावतो, "औषध वेळेवर फवारा, खताचा डोस चुकवू नका." आणि मी स्वतः? अकराला वडापाव, बाराला चहा, एकला भजी, मधेमधे फरसाणाची पुडी. घरी जेवायला जायला तीन वाजायचे, कधी चार.

"शेजारचे मिस्तरी बघा, येळेवर जेवतात," बायको ताट वाढताना म्हणायची. रोज. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. तिनं असा कौतुकाचा एक शब्द माझ्यासाठी खर्च करावा एवढीच माझी इच्छा होती, आणि ती सगळं कौतुक शेजारी वाटत होती. मग मी का जळू नये?

एकदा मीही दुपारी शटर अर्धं ओढलं आणि डबा उघडला. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच शटरखालून एक मुंडासं आत आलं, पाठोपाठ पूर्ण माणूस रांगत आला. "भाऊ, आत हायेत व्हय? बरं झालं. टोमॅटोवर करपा पडलाय." माझ्या भाकरीशेजारी त्यानं डाग पडलेली पानं पसरली. नंतर आणखी दोघं रांगत आले. पलीकडे मिस्तरी शांतपणे मुळा खात होते.

त्यांना पकडण्याची एक संधी मला मिळाली ती गावच्या यात्रेत. मासवडी आणि रस्स्याच्या पंगतीत मिस्तरी माझ्यासमोरच बसले होते. एक मासवडी, दुसरी, तिसरी, चौथी! वर वाटी उचलून रस्सा प्यायले.

"मिस्तरी, आज पथ्य कुठं गेलं?" मी मोठ्यानं विचारलं, चार लोकांना ऐकू जाईल असं.

"यात्रेत कमी खाल्लं तर देव इचारतो भाऊ, आजारी हायेस का म्हणून," ते म्हणाले. सगळी पंगत हसली.

मी ही बातमी घरी जाऊन सांगितली. "चार खाल्ल्या चार!"

"आन् तुमी?" बायकोनं विचारलं.

मी माझ्या मोजल्या नव्हत्या.

मग एक दिवस मिस्तरींचा फोन वॉर्निशच्या डब्यात पडला. जेवायची वेळ झालेली. ते कधी नव्हे ते घाईनं माझ्या दुकानात आले. "भाऊ, तुमचा फोन द्या. घरी एक मिस्कॉल द्यायचाय."

एक रिंग वाजवून त्यांनी फोन परत दिला आणि ते वळले. तेवढ्यात त्याच नंबरवरून फोन आला. मी उचलला. बाईचा आवाज, मागे वारा. "कुणाचा हाय हा नंबर? ह्यांचा मिस्कॉल हाय का? बसले का जेवायला?"

"बसतायत," मी म्हणालो.

"मंग मी बी बसते." फोन बंद.

मी मिस्तरींकडे पाहिलं. ते जरा ओशाळले. "आमची मालकीण. पिंपळवंडीला रानात असती. साखरंचं इंजेक्शन चालू हाय तिला, उपाशी राहून चालत नाय. एकदा खुरपताना चक्कर येऊन सरीत पडली. डॉक्टर वरडला, मी वरडलो. पर तिच्या आईनं लावलेलं वळण, मालकाच्या आधी जेवायचं नाय. लई सांगितलं. ऐकंना. मंग म्हणलं, तू नाय बदलायची, तर मीच येळंवर जेवतो. मी बसलो की मिस्कॉल देतो. मंग ती खाती."

आणि ते जेवायला गेले.

म्हणजे ते दातांना रोजावर लावणं, ते अर्धं शटर, थांबलेल्या मोटरी, सगळं कुणासाठी, तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या एका भाकरीसाठी. मला वाटलं होतं माणूस तब्येतीला जपतोय. तब्येतीवर जळणं सोपं असतं हो. यावर कसं जळायचं? पण जमलं मला. आधीपेक्षा जास्त जळलो.

त्या दिवशी घरी पोचायला साडेतीन झाले. ओट्यावर दोन ताटं झाकलेली होती. दोन ताटं रोजच असायची. मी बायकोला मिस्कॉलची गोष्ट सांगितली.

"म्हाईतंय मला," ती म्हणाली. "एका लग्नात भेटल्या व्हत्या त्या. त्यांनीच सांगितलं."

"मग मला सांगायचं ना!"

"रोज काय सांगत व्हते मग? मिस्तरी येळेवर जेवतात, मिस्तरी येळेवर जेवतात. तुमाला वाटलं मी तुमच्या ढेरीवर बोलते." ताटावरचं झाकण काढत ती म्हणाली, "मी त्या बाईवर जळत व्हते."

"अगं, तू आधी जेवत जा. मी कधी अडवलंय का?"

"सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, तरी तुमच्या आधी घास उतरत नाय. त्याला काय करू?"

तेव्हापासून दुपारी मी दुकानाला कुलूप लावतो. गिऱ्हाइकं फोनवर ओरडतात, "भाऊ, कुठं उलथलात?" मी म्हणतो, "जेवतोय." ढेरी फारशी हललेली नाही. बायकोची पित्ताची गोळी मात्र बंद झाली. कौतुकाचा शब्द अजून यायचाय.

गेल्या वर्षी मिस्तरींनी दुकान सोडलं. बारीक तार दिसेना झाली. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे, आणि तिथला पोरगा जेवतो कधी हे कुणालाच माहीत नाही.

परवा आम्ही दोघं पिंपळवंडीला त्यांच्या रानात गेलो. दुपार कलली होती. मिस्तरी शेजाऱ्याच्या विहिरीवर मोटर बसवायला गेलेले, अजून आले नव्हते. मिस्तरीणबाई आंब्याखाली बसून आपलं ताट धूत होत्या.

मिस्तरी बांधावरून आले. हात ग्रीसनं काळे. "लई उशीर झाला गं. चल, बस जेवायला."

"मी जेवले," बाई खाली बघत म्हणाल्या. "भूक लागली व्हती."

मिस्तरी जागेवरच थांबले. "काय म्हणलीस?"

"जेवले म्हणलं. दीड भाकर."

"माझ्या आधी?"

"मंग काय तुमची वाट बघत मरू?"

मिस्तरी जेवायला बसले. कोपरापर्यंत साबण लावणाऱ्या त्या माणसानं बोटं नुसती धोतराला पुसली. भाकरी गार, कालवण आटून घट्ट झालेलं. ते भराभर खात होते, न चावता, आणि दर दोन घासांनी मान वर करून म्हणत होते, "जेवली व्हय!" तोंड भरलेलं, हसता हसता ठसका लागला. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "बघा."

"बघतोय," मी म्हणालो.