व्याह्यांचा कान

गाणं कशावर वाजतंय हे नुसतं ऐकून ओळखणारा माणूस सगळ्या वऱ्हाडात एकच, आणि तो म्हणजे आमचे अकोल्याचे व्याही. हे मला त्यांनीच सांगितलं. मी चौथी शिकलेली, मान डोलावली. अमरावतीला माझ्या मुलीच्या लग्नात बुद्धवंदनेची वेळ झाली आणि नवरदेवाचे वडील सापडेनात. पाहते तर मांडवामागे स्पीकरच्या खोक्याला कान लावून, पेन ड्राइव्ह काढ आणि कॅसेट लाव म्हणून साउंडवाल्याला समजावत होते. मोबाईलच्या गाण्याबद्दल त्यांचं मत ठरलेलं, "फ्रिजातली भाजी हाय ते. पोट भरते, पण वावराचा वास येत नाही." घरात जुन्या तबकड्या आहेत, त्या ते मऊ धोतराने पुसतात, आणि त्या खोलीत कुणी कांदा चिरलेला त्यांना चालत नाही. सुई बिघडते म्हणे.

पण खरा जीव एका कॅसेटमध्ये. त्यांची मंडळी, म्हणजे माझ्या विहीणबाई, भीमजयंतीच्या कार्यक्रमात गायल्या होत्या, ते गाणं त्या कॅसेटमध्ये आहे. विहीणबाई गेल्यापासून दर पौर्णिमेला ते ती एकदाच ऐकतात. मग फीत मागे घ्यायला बटण दाबत नाहीत, पेन्सिल घालून हातानेच फिरवतात, तिला त्रास नको म्हणून. तरी फीत झिजतच चालली. परवा मी अकोल्याला असताना मुलीने भीत भीत सांगितलं, की गेल्या वर्षीच तिने ते गाणं मोबाईलात उतरवून ठेवलं आहे. व्याही जेवता जेवता थांबले. नक्कल घरात नको, पुसून टाक म्हणाले. मुलगी रडकुंडीला आली. फीत तुटली तर तिच्या सासूचा आवाज कुठेच उरणार नव्हता. शेवटी व्याह्यांनीच तोड काढली. पडद्याआडून दोन्ही वाजवा, मी ओळखलं तर पुसायचं, चुकलो तर राहू द्या. वाजवायला मला बसवलं, कारण मी लबाडी करणार नाही अशी त्यांची खात्री.

मी आधी मोबाईल लावला, मग कॅसेट. व्याही डोळे मिटून ऐकत होते.

"पयली कॅसेट," ते म्हणाले. "शेवटच्या ओळीआधी ते श्वास घेते, तो ऐकू आला मले. दुसऱ्यात श्वासच नाही. मुर्दा हाय तो."

त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडत नाही. पदर सावरून बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊ, पयला मोबाईल होता."

व्याह्यांनी डोळे उघडले. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजे वर्षभरात मीच ऐकून ऐकून तिचा श्वास पुसला."

"आता कितीबी ऐका, बाबा," मुलगी म्हणाली. "हा नाही झिजत."

कॅसेट आता कपाटात आहे. मोबाईलची नालस्ती ते अजून करतात. पण सकाळी ओट्यावर बसून तोच कानाला लावतात. स्वतः काही बोलत नाहीत, मधूनच नुसतं "हं" म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, कुणाचा तरी फोन आलाय. ती माणसं जरा थांबतात आणि खुणेनेच जय भीम करून पुढे जातात.