तांबडीचा उपास

शेजारच्या वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी बेलापूरला निघाल्या, तेव्हा त्यांनी म्हैस आणि शेळ्या दिराकडे सोपवल्या आणि तांबडी कोंबडी माझ्याकडे. ती अंडं घालायला तशीही आमच्याच अंगणात, कढीपत्त्याच्या बुडाशी यायची. "सकाळ-संध्याकाळ मूठभर बाजरी टाका बाई, बाकी तिचं ती बघंल," एवढं सांगून त्या गेल्या. पारनेर तालुक्यातल्या शाळांत मी तीस वर्षं शिकवलं, म्हणून अख्खं गाव मला बाई म्हणतं. सातवी ब सांभाळलेल्या बाईला एक कोंबडी काय जड, असं मला वाटलं.

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. सासर-माहेर दोन्हीकडे पूजापाठ आणि मास्तरकी. तेव्हा मी तिला आमच्या पद्धतीने सांभाळलं. बोका येतो म्हणून फाटक बंद ठेवलं, अंगणातली फरशी रोज धुऊन काढली. संकष्टीला साबुदाणा जरा जास्तच भिजला होता, त्यातला वाटीभर तिच्यापुढे ठेवला, वर दाण्याचं कूट घातलं. तिने तो अधाशासारखा फस्त केला. "आता तिला चंद्रोदयाची वेळही सांगून ठेव," हे म्हणाले. मला मात्र तिचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती बांबूच्या डाल्यातून बाहेर आलीच नाही. पिसं फुलवून, मान आखडून बसली होती. मधूनच मान वेडीवाकडी ताणायची आणि पुन्हा डोळे मिटायची. गळ्याखाली एका बाजूला लिंबाएवढा फुगवटा दिसत होता. बाजरी टाकली, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "माझी तांबडी कशी हाय?" मी म्हणाले, "मजेत." आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या आणि एका कोंबडीपायी इतक्या सहज खोटं बोलले, याची मला फार लाज वाटली.

वहिनींच्या चार कोंबड्या गेल्या वर्षी रोगाने गेल्या होत्या. ही एकटी उरलेली. तिच्या अंड्यांतून पिल्लं काढून पुन्हा खुराडं भरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच तोंडातून खरं निघेना.

सकाळी ह्यांनी मोबाईलवर काहीतरी वाचलं आणि म्हणाले, तिला उलटी धरून गळा दाबला की सगळं बाहेर पडतं. ते बाह्या सरसावून पुढे झाले, पण तिच्या चोचीतून आंबूस वास आला तसे दोन पावलं मागे सरकले. मग मात्र मी फोन लावला आणि साबुदाण्यासकट सगळं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "साबुदाना? व्हय बाई, तिनं काय चतुर्थी धरली हुती?" रागावल्या नव्हत्या, पण आवाज बारीक झाला होता. "उलटी अजिबात धरू नका. पानी श्वासात गेलं तर जागेवर मरंल. साबुदान्याचा गोळा झालाय गळ्याच्या पिशवीत. फरशीवर खडे तरी कुठनं घावनार तिला? पोटात दानं दळायला बारीक खडे लागत्यात." मग त्यांनी विचारलं, "तुमी हात लावाल का तिला? न्हाईतर दिराला धाडते."

"का नाही लावणार?" मी फणकारले.

जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिला मांडीवर घेतलं. इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. वहिनी फोनवरून सांगत होत्या आणि हे फोन माझ्या कानाशी धरून उभे होते. चोचीच्या कडेने गोडेतेलाचे चार थेंब, तेही एकेक करून. मग फुगवटा बोटांनी हळूहळू चोळायचा. दाबायचं नाही, नुसता गोळा सैल करायचा. हाताला तो मळलेल्या कणकेसारखा लागत होता. त्याच्या खाली तिचं काळीज धडधडत होतं. दाणा बंद, नुसतं पाणी. दिवसभरात चार वेळा मी तिला मांडीवर घेतलं. तिसऱ्या खेपेला ती माझ्या तळहातावर मान टाकून झोपली, आणि ही आता जाऊ नये, असं मला वहिनींसाठी नाही, माझ्यासाठीच वाटलं.

दुसऱ्या दिवशी फुगवटा निम्मा झाला. दुपारी ती कढीपत्त्याखाली जाऊन शिटली. मी ह्यांना हाका मारून बोलावलं. त्यांनी वाकून चष्म्यातून पाहिलं आणि "पास," म्हणाले. वहिनींना फोन केला, तर त्या हसल्या आणि पुढचं पथ्य सांगू लागल्या. पुढे दोन दिवस मऊ भात, फाटक उघडं, बाहेरची माती आणि खडे.

महिन्याने वहिनी परतल्या. तांबडीला उचलून त्यांनी गळा चाचपला, पोट चाचपलं आणि मान डोलावली. मी म्हणाले, "चला आत, चहा टाकते."

"नगं बाई, हितंच बरं."

"आत का नको?"

त्या जरा अवघडल्या. "कोंबड्यांचे हात हायेत माझे. तुमच्या सासूबाई म्हनल्या हुत्या एकदा, ह्या हातानं घरात येऊ नगं म्हनून. लई वर्षं झाली."

सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या असं काही बोलल्याचं मला ठाऊकही नव्हतं. वहिनी कधी आत येत नाहीत ते घाईमुळे, असंच मी धरून चालले होते. पण त्या अकरा वर्षांत त्यांच्या चहाचा कप मीच, माझ्या हाताने, बाहेर पायरीवर नेऊन देत होते.