बाबांचे कान दादाच्या फोनमध्ये

मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच, आणि त्याचा मला माज आहे, लपवत नाही. कॉलेजात शिकवलेलं की दुसऱ्याच्या जाणिवेत कुणालाच शिरता येत नाही. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या भावाने तो प्रश्न अंगठ्याने निकालात काढला.

बाबांचे कान केमिकल कंपनीतल्या मशीनच्या घरघरीत गेले. ठाण्याहून आम्ही त्यांना नवी श्रवणयंत्रं आणली. यंत्रांचा आवाज फोनवरच्या ॲपने कमीजास्त होतो. बाबांचा फोन बटणांचा, म्हणून ॲप दादाच्या फोनमध्ये. पहिल्या दिवशी फोडणी तडतडली तशी बाबा उठून कढईपाशीच जाऊन उभे राहिले.

मग तो रविवार. कोकणातल्या घरचा गणपती यंदापासून इकडेच बसवायचा, असं दादाने परस्पर ठरवलेलं. तिथे मूर्ती बाबांच्याच हातून बसते. दादा ते आम्हाला सांगत होता, बाबा समोर चहा पीत होते. मधेच ते कानामागे टकटक करायला लागले. "सेल गेला वाटतं," म्हणाले आणि ओशाळून हसले.

सेल गेला नव्हता. दादाचा अंगठा फोनवर होता.

"तू आवाज बंद केलास?"

"अगं, बीपी वाढेल त्यांचं. नंतर सांगू ना."

"कान आहेत ते, टीव्ही नाही!"

"झालं, बी.ए. सुरू झालं."

हो, झालं सुरू! तोंडावर दार लावलं तर माणसाला निदान दार तरी दिसतं. इथे बाबांना वाटलं, बिघाड आपल्यातच आहे. उद्या डोळ्यांचं यंत्र येईल, तेही कुणाच्यातरी खिशात असेल, आणि तोसुद्धा म्हणेल, काळजीपोटीच करतोय.

मी बाबांना दादाचा फोन दाखवला, ॲपमध्ये आवाज शून्यावर होता. कळायला त्यांना वेळ लागला नाही. दोन्ही यंत्रं काढून त्यांनी बशीत ठेवली.

"आता बोल. पूर्वीसारखं, कानाशी ओरडून."

दादा वाकला. पुटपुटला.

"मोठ्याने!"

"गावचा गणपती बंद करूया म्हणतोय!"

समोरचं दार उघडलं. शेजारच्या काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "काय रे, कुणाचा गणपती बंद?"

दादा लालबुंद.

"ऐकलं," बाबा म्हणाले. "गणपती गावीच बसेल."

यंत्रं त्यांनी परत घातली, ती दादाने त्यांच्यासमोर ॲप काढून टाकल्यावरच.