दोन उभ्या रेघांचा अर्थ विचारणारे टिपणीस सर

टिपणीस सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मुलुंडच्या आमच्या डायलिसिस केंद्रात ते पत्नीला घेऊन येत, मी काउंटरवर बसून नावं पुकारते. पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या यादीतलं ३/४ वाचून त्यांनी विचारलं, "ताई, ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च?"

"तुम्ही आज आलात ना? मग आजची!"

ते हसले नाहीत. डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी महिना अक्षरांत लिहायला लावला, तेव्हाच गप्प बसले.

वहिनी गेल्या, तरी सर यायचे थांबले नाहीत. केंद्राचा कॉम्प्युटर सांभाळू लागले. त्यांची अख्खी नोकरी डेटाबेस सांभाळण्यात गेली, हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांना मी काय सांगणार? मला कळतं ते असं, की डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट आणि एसक्यूएल म्हणजे त्याच्याशी बोलायची भाषा. भाषा एक, पण कपाटागणिक बोली वेगळी. आता तर ते एसक्यूएल लिहून देणारी मशीनंही निघाली आहेत. कुठल्या कपाटासाठी, हे न विचारताच लिहून मोकळी होतात. म्हणून सरांच्या तोंडी दिवसभर एकच: "कुठल्या डेटाबेससाठी?" ऐकून कान किटतात हो!

बोलीचा घोळ मला नवा नाही. मी मालवणकडची. माझा मुलगा चार वर्षांचा असताना एकदा भांडुपला दिसेना, म्हणून मी रखवालदाराला ओरडून विचारलं, "माझो झील खय गेलो?" त्यानं शांतपणे पवईच्या तलावाकडे बोट दाखवलं. मी तिकडे धावत सुटले. त्याच्या हिंदीत झील म्हणजे तलाव, आमच्यात झील म्हणजे मुलगा. कार्टा शेजारणीकडे पेज ओरपत बसला होता. सरांना हे सांगितलं तेव्हा मात्र ते हसले, आणि वहीत लिहून घेतलं.

गेल्या वर्षी केंद्रात नवा डेटाबेस आला. माझी नात सायली सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिनं मशीनकडून यादी काढायचा कोड लिहून घेतला. कागद छापून आला तर प्रत्येक नावाच्या जागी शून्य.

"आजी, मशीननं लिहिलंय गं, चूक नसणार."

"मग पुकारू? शून्यबाई, चला, खुर्ची नंबर एक!"

सरांनी कोडमधल्या दोन उभ्या रेघांवर बोट ठेवलं. जुन्या डेटाबेसात त्यांचा अर्थ 'जोडा': नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आडनाव. नव्यात तोच अर्थ 'हे किंवा ते'. त्यानं बिचाऱ्यानं हो-नाहीचं उत्तर शून्य म्हणून दिलं. सायलीनं मशीनला सांगितलं, त्यानं गोड माफी मागितली आणि नवा कोड दिला. नावं झकास आली.

बाहेर पेशंट सुजलेले पाय घेऊन ताटकळलेले, आणि सर कागद सोडेनात. मी वैतागले. "अहो सर, नावं आली ना? आता काय त्यांची पत्रिका जुळवता?"

"ताई, रजिस्टरात अकरा आहेत. इथे दहा."

वरची एक ओळ कोरी होती. मला वाटलं, समास सोडलाय. ती शेवंता परब होती. तिनं नवऱ्याला सोडलं आणि त्याचं नावही खोडायला लावलं, म्हणून मधला रकाना रिकामा. काही डेटाबेस रिकामा रकाना सोडून बाकीचं जोडतात. आमचा एक रकाना रिकामा दिसला की सगळंच रिकामं करतो. नवऱ्याचं नाव नाही म्हणून अख्खी बाई गायब! यादीत नाव नसलं की खुर्ची प्रतीक्षेतल्याला जाते, असा आमचा नियम. आणि शेवंताचं एक डायलिसिस चुकलं की दोन दिवसांत तिला आडवं पडता येत नाही, श्वास लागतो.

सरांनी कोड दुरुस्त केला, अकारविल्हे लागलेली अकराच्या अकरा नावं, शेवटच्या शेवंतापर्यंत, बोट फिरवून वाचली, मगच कागद माझ्या हातात दिला. सायली रडायला आली होती. मी तिला सोलणार होते, पण सर म्हणाले, "मशीननं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. दोघांची चूक. बस इथे, दाखवतो." तेव्हापासून दर शनिवारी ते तिला शिकवतात. मशीनवाल्यांनाही पत्रं लिहितात. उत्तर ठरलेलं, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे'. मोलाचा आहे तर ऐका की मेल्यांनो!

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, ऐकू कमी येतं, हट्ट मात्र तसूभर कमी नाही. देवानं त्यांना भरपूर आयुष्य द्यावं आणि ते धडधाकट पायांनी द्यावं, कारण केंद्राची लिफ्ट निम्मे दिवस बंद असते. मी त्यांच्यावर वैतागत राहीनच. शेवंताला त्या दिवसाचं कुणी काही सांगितलेलं नाही. ती मंगळवारी येते, पिशवी खुर्चीला अडकवते आणि माझ्यावरच डाफरते, "गो बाय, माझा नाव सगळ्यांच्या शेवटाक कित्याक पुकारतंस?"