रिम्केची निळी भिंत

नेदरलँड्समधल्या आमच्या हार्लिंगेनच्या कालव्यावरचा पूल रिम्केने एकतीस वर्षं सांभाळला. बोट आली की ती बाहेर यायची, चाक फिरवायची आणि पूल वर जायचा. चिनी मातीची भांडी जमवायचा तिचा नाद सगळ्या बोटवाल्यांना ठाऊक होता. कुणी इंग्लंडहून बशी आणायचं, कुणी डेन्मार्कहून वाडगा. निळं-पांढरं मात्र हवं. "कपची उडालेली चालेल, पण हिरवं आणलंस तर पूल डोक्यावर सोडीन हं!" ती वरून ओरडायची.

मी तिच्या घरासमोरच राहते, त्यामुळे हा पसारा वाढताना रोज पाहिला. स्वयंपाकघरातल्या फळ्यांच्या भिंतीवर ताटल्या, खिडकीत फुलदाण्या, जिन्याच्या पायरीपायरीवर बरण्या. तिचा नवरा डाउवे सुतार. खिळे तोच ठोकायचा आणि कुरकुरायचाही तोच.

"अगं, आता मला टांगायचं तेवढं राहिलंय."

"तू कुठे निळा-पांढरा आहेस?" रिम्के म्हणायची.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी तिची हाक आली, "यिक्के, धावत ये!" मी साबणाच्या हातांनीच पळाले. दीडशे ताटल्यांच्या ओझ्याने फळ्यांची भिंत पुढे झुकली होती आणि रिम्के दोन्ही हात पसरून तिला पाठीने रेटून उभी होती.

"हसू नकोस! मी हलले की सगळं खाली!"

डाउवेने आणि मी एकेक ताटली उतरवली. तासभर ती तशीच उभी, वर आम्हाला सूचना, "ती नीट धर, ती नाजूक आहे." शेवटी डाउवेने कटावणी लावून पहिली फळी उचकटली आणि आत डोकावला.

मागच्या पक्क्या भिंतीवर चिनी मातीच्या फरश्या होत्या. निळ्या-पांढऱ्या, खालपासून वरपर्यंत. एकीवर दोरीवर उड्या मारणारी मुलगी, एकीवर गळ टाकून बसलेला कोळी, मेंढ्या, गलबतं. कधीकाळी कुणीतरी वर फळ्या ठोकून त्या झाकून टाकल्या होत्या.

रिम्के जमिनीवर बसली आणि पोट धरून हसत सुटली. "मी जगभरातून गोळा करत बसले, आणि ही बया माझ्या चुलीमागेच लपलेली!"

तीन दिवस आम्ही त्या फरश्या धूत होतो. एका मेंढीच्या पोटात भोक सापडलं.

"हा तुझाच खिळा," रिम्के म्हणाली.

"छे, ती जन्मतःच तशी असेल," डाउवे म्हणाला.

पण या भिंतीत आता खिळा ठोकायचा कसा? ताटल्या खोक्यांत पडून राहिल्या. आठवडाभर रिम्के त्यांच्याभोवती फिरत राहिली. मग एका शनिवारी तिने सगळ्या गल्लीला कॉफीला बोलावलं, साखरेचा पाव कापला आणि म्हणाली, "आवडेल ती उचला. कपाटात कोंडायची नाही, एवढंच."

आधी लोक लाजले, मग झुंबड उडाली. प्रत्येक ताटली देताना ती कुठल्या बोटीवरून आली, हे रिम्के सांगत होती. मासे विकणाऱ्या सीबेने सर्वांत मोठी उचलली. "मी यात हेरिंग खाणार."

"खा की! मग तर ती खरी कामाला लागेल."

पण हिशेबात काही ताटल्या कमी भरत होत्या. डाउवे तर दिसतच नव्हता. रिम्के त्याच्या सुतारखोलीत शिरली, मागोमाग आम्ही सगळे; डाउवे तिथेच होता. तिने कोपऱ्यातली घोंगडी उचलली. खाली अकरा ताटल्या!

"या नाही द्यायच्या," कान लाल झालेला डाउवे म्हणाला. "ही मिळाली तेव्हा तू पुलावर नाचली होतीस. आणि ही आपली आंके जन्मली त्या आठवड्यातली."

"तुला आठवतंय?"

"प्रत्येकीचा खिळा मीच ठोकलाय ना!"

रिम्केने सगळ्यांदेखत त्याच्या टकलाचा मुका घेतला. त्या अकरा आता सुतारखोलीत लटकतात. खुर्ची दुरुस्तीला टाकायला गेलात तर तासभर हाताशी ठेवा. डाउवे आधी ताटल्या दाखवतो.