फवारणीचं विमान

माझे वडील साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. प्रेशरचे काटे, तापमापकं, वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आणि सुट्टीच्या दिवशी ते विमानं करायचे. शोकेसमधली नव्हे. बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या ब्लेडने कापून, सांगाडा जुळवून, त्यावर कागद ताणून, छोटं इंजिन बसवून खरोखर उडणारी. ही विमानं रिमोटवर चालत नाहीत. विमानाच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि साठेक फुटांवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या मुठीला येऊन मिळतात. विमान त्या माणसाभोवती गोल फिरतं आणि माणूस त्याच्याबरोबर जागच्या जागी फिरतो. मूठ एकीकडे कलवली की विमान वर जातं, दुसरीकडे कलवली की खाली येतं. कोल्हारमध्ये हा उद्योग करणारा दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे आप्पांना वेड्यात काढायला गावाला फार विचार करावा लागला नाही.

विमान धरायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. उडवण्याआधी एक गोष्ट व्हायचीच, तिला आप्पा 'ओढ देणं' म्हणत. मी विमान दोन्ही हातांनी धरून मागे रेलायचं, पलीकडून त्यांनी मूठ धरून मागे रेलायचं आणि रस्सीखेच खेळावी तसं ताणायचं. विमानाच्या वजनाच्या दहापट ताण यायला हवा, असा त्यांचा हिशेब. कुठे सांधा कच्चा असेल, तार मुरगळलेली असेल, तर तिने तिथेच, जमिनीवर तुटावं. तारा कालच नव्या घातलेल्या असल्या तरी ओढ चुकायची नाही. मी दर वेळी तोंडावर पडायचे, आप्पा हसायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राग मला लवकर येतो. पन्नाशीला आले, शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, तरी तो काही गेला नाही.

लग्न मोडून मी परत आले तेव्हापासून आम्ही दोघंच होतो. आई आधीच गेलेली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना आप्पांच्या हातातून वस्तरा पडला आणि ते मोरीच्या कट्ट्यावर बसले ते उठेचनात. नगरला दवाखान्यात अकरा दिवस काढले. पाय पुष्कळसा परत आला, बोलणंही आलं, उजवा हात मात्र खांद्याला नुसता लटकत राहिला. राहात्याहून एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. तो आप्पांनी दोन दिवसांत कोपऱ्यात भिरकावला, डाव्या हाताने. मुलगी शहाणी होती. ती म्हणाली, चेंडू नको तर नको, बाबांना आवडतं ते काम द्या, पण हाताला काम पाहिजे.

म्हणून मी माळ्यावरून बाल्साचं खोकं काढलं.

कुठलं विमान करायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. ते विशीत असताना उसावर पाकोळीची कीड पडली की फवारणीला विमान यायचं. आप्पा तेव्हा कारखान्यात नुकतेच लागलेले. त्यांना निशाण घेऊन उसाच्या बांधावर उभं करत, म्हणजे पायलटला कुठून फवारत जायचं ते कळे. विमान डोक्यावरून दोन पुरुष उंचीने जायचं आणि सगळं औषध अंगावर पडायचं. आठ-आठ दिवस अंगाचा वास जात नसे, आणि तरी पुढच्या वेळी निशाण धरायला हे सगळ्यांत पुढे. आजी म्हणायची की पोरगं त्या वाऱ्यानेच बिघडलं. त्या विमानाचा एक काळापांढरा फोटो त्यांच्याजवळ होता. नकाशे काही नाहीत. फोटोवर पट्टी ठेवून, उरलेलं आठवून, त्यांनी दहास एक या मापाने ते विमान कागदावर उतरवलं. खरं तर उतरवलं मी, त्यांनी सांगितलं. सांगितलं हा शब्दही सभ्यपणाचा झाला.

दीड वर्ष आम्ही दोघं त्या विमानावर भांडलो. डोळे त्यांचे, हात माझे. पंखाची प्रत्येक फासळी मी कापायची आणि त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून परत करायची. "गणिताची बाई हायेस ना तू?" असं म्हणायचे. मी एकदा डोक्यात राख घालून चार दिवस त्या टेबलाकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी शाळेतून आले तर ते स्वतः सँडपेपर घेऊन बसले होते, उजव्या हातात. पेपर बोटांत धरलेला नव्हता, दोरीने बांधलेला होता. पण हात खांद्यापासून पुढेमागे जात होता. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले.

मग हात हळूहळू येत गेला. बोटं वळायला लागली, पकड आली. बोटांची जाणीव तेवढी परतली नाही. कपाला हात लावून चहा गरम आहे की गार ते त्यांना कळायचं नाही, डावा हात लावून बघावा लागायचा. मूठ धरता येते म्हटल्यावर ते रोज संध्याकाळी अंगणात पाण्याची लहान बादली उजव्या हातात घेऊन स्वतःभोवती गिरक्या घ्यायचे. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबून बघायच्या. डॉक्टरांनी गरगर फिरायला मनाई केली होती. मी तसं म्हटलं तर आप्पा म्हणाले, "विमानाच्या पाच फेऱ्या घातल्या की हा हात माझा. मग त्येंनी काय बी सांगू दे."

ते गमतीने म्हणत नव्हते. विमान उडवायचं हे त्यांच्या लेखी खेळणं उरलं नव्हतं. हात परत आला की नाही, याचा निकाल ते त्यावर लावणार होते, आणि हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून पुढचं मी केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येत नाही.

उडवण्याच्या आदल्या दिवशी तारांची टोकं बांधायची होती. तार कडीतून घालून उलटी वळवायची आणि तिच्यावर बारीक तांब्याची तार एकाला एक चिकटून गुंडाळायची, निदान चाळीस वेढे. अशी चार टोकं. हे काम आप्पांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं, पण तेवढी बारीक पकड आता त्यांना नव्हती. मी दहावीचे पेपर तपासून आले होते, मान आखडली होती. तीन टोकं नीट केली. चौथ्याला तांब्याची तार संपत आली. दुसरं रीळ माळ्यावरच्या खोक्यात होतं. मी बसले तेवढे वेढे दिले, पंधरा-सोळा असतील, आणि वरून काळी नळी चढवली. आप्पा म्हणाले, आण बघू. मी म्हणाले, "प्रत्येक गोष्ट तुम्हाला दाखवायचीच का? कुकुलं बाळ हाये का मी?" त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. आजारानंतर ते माझ्याशी जरा भिऊन वागत, हेही मला माहीत होतं.

एप्रिल महिना होता. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगामाचं गाळप संपलं होतं, आणि उसाच्या गाड्यांचा तळ मोकळा होता. वॉचमन आप्पांच्या ओळखीतला. सकाळी सातला, वारं सुटायच्या आत, आम्ही तिथे पोचलो. पिवळं विमान जमिनीवर ठेवलं तेव्हा वॉचमन त्याच्याभोवती दोनदा फिरून म्हणाला, "लई भारी केलंय वो. उडतंय बी का?" आप्पा तळाच्या मध्यावर गेले. काठी बाजूला टाकली. मूठ उजव्या हातात घेतली, तिची वादी मनगटाला बांधून घेतली आणि मला म्हणाले, ओढ.

ते साठ फुटांवर उभे होते. पाय फाकवून, कंबरेत वाकलेले, काठीशिवाय. मी ताण दिला तर ते पडतील, असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, मला ते पडलेले दिसलेच. मी विमान हलकेच मागे घेतलं, तारा सरळ झाल्या, तेवढंच.

"एवढीच?" ते म्हणाले. "ओढ की."

"ओढली, आप्पा."

"नीट?"

"व्हय, नीट."

चाळीस वर्षांत या बाबतीत मी त्यांना खोटं सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मूठ एखाद्या खांबाला अडकवून मला पाहिजे तेवढं ओढता आलं असतं. तळावर खांब होते. हे मला सुचलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, पोळ्या लाटताना.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. इंधनात घातलेल्या एरंडेलाचा जळका वास सुटला. आप्पांनी मान हलवली, मी सोडलं. विमान वीसेक फूट धावलं आणि उचललं. पहिल्या फेरीत ते जमिनीला धरून होतं, दुसरीत डोक्याइतकं वर गेलं. आप्पा फिरत होते, छोटी छोटी पावलं टाकत, डोळे विमानावर, हात सरळ. पडतील असं अजिबात वाटत नव्हतं. वॉचमन मोठ्याने मोजत होता. तिसऱ्या फेरीत आप्पांनी विमान उंच नेलं आणि पुन्हा खाली आणलं, उसावरून यावं तसं, आणि मला त्यांचे दात दिसले. ते हसत होते. चौथ्या फेरीच्या मध्यावर विमानाने नाक खाली घातलं आणि ते सरळ जमिनीत गेलं.

मी धावले. पंख मोडून बाजूला पडला होता, इंजिन मुरमात रुतलं होतं. विमानाला दोनांतली एकच तार होती. दुसरी, वर नेणारी, मोकळी पडली होती. तिच्या टोकाची काळी नळी सरकली होती आणि तांब्याचे वेढे सुटून लोंबत होते. ते माझं चौथं टोक होतं. मी ते उचललं आणि मुठीत घेतलं. का घेतलं ते मला तेव्हाही कळलं नाही.

आप्पांच्या मनगटाची वादी सोडून, काठी शोधून देऊन वॉचमन त्यांना धरून घेऊन आला. तेवढ्यात मी तारा गुंडाळून पिशवीत टाकल्या होत्या. आप्पा मोडक्या पंखाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तार सुटली का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तारा शाबूत हायेत."

त्यांनी आपला उजवा हात वर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. बोटं उघडली, मिटली. तार ढिली पडलेली साध्या माणसाच्या हाताला तत्क्षणी कळते. त्यांच्या बोटांना ती कळली नव्हती, आणि आपल्याला कळलं नाही हे त्यांना माहीत होतं.

"वर घे म्हनलं मी त्याला," ते म्हणाले. "घेतलंच न्हाई."

वॉचमन म्हणाला, असू द्या, साडेतीन फेऱ्या काय कमी झाल्या का.

त्यानंतर ते टेबलाजवळ बसले नाहीत. मी विमान दुरुस्त करू म्हटलं तर म्हणाले, कर की तू. जेवायला डावा हात वापरायला लागले. फिजिओथेरपीवाल्या मुलीला त्यांनी नम्रपणे सांगितलं की बाई, उगाच हेलपाटा घालू नका. हात पुन्हा खांद्याला लटकला. दिवाळीपर्यंत बोटं आत वळून ताठली. मी सांगायचं ठरवलं होतं. गणपतीत ठरवलं, दसऱ्याला ठरवलं. कधी त्यांना ताप असायचा, कधी पाहुणे असायचे, कधी ते शांत झोपलेले असायचे. शिवाय मला वाटायचं, आता सांगून हात थोडाच येणार आहे? खरं कारण एवढंच की मला त्यांची भीती वाटत होती, आणि त्यांच्या रागाची नाही. ते मला काहीच बोलले नसते, त्याची.

जानेवारीत त्यांची छाती भरली. दवाखान्यात नको म्हणाले. तिसऱ्या दुपारी मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. त्यांनी मान फिरवली, चमचा बाजूला झाला.

"तुजं दीड वर्ष वाया घालवलं मी," ते म्हणाले. एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागत होता. "हात गेलाय हे मला कळायला पायजे हुतं. उगा तुला राबवलं. माफ कर मला."

ते माझ्याकडे बघत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लोटलेलं होतं, मला कुठे जायचं नव्हतं. मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"असू द्या, आप्पा," मी म्हणाले. "केलं माफ."