पिठातलं पाऊल

गजेंद्रला देव मान्य नव्हता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण ते सांगायची एकही संधी त्यानं कधी वाया घालवली नव्हती. अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो पदार्थविज्ञान शिकवायचा. कोणाच्या वास्तुशांतीला गेला तर जेवणाआधी मुहूर्त कोणी काढला ते विचारायचा, कोणी नवी गाडी दाखवायला आणली तर आधी तिच्या नंबरप्लेटखालचं लिंबू बघायचा. नवसाचं जेवण मात्र त्याला चालायचं. रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार असली की हा पहिल्या पंगतीत. कोणी टोकलं तर म्हणायचा, "मी प्रसाद नाही खाऊन राहिलो, जेवून राहिलो." माणूस वाईट नव्हता. शेजारपाजारी कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं की त्याचीच गाडी सगळ्यांत आधी दारात लागायची. पण आपण बरोबर आहोत याची त्याला फार खात्री होती, आणि अशा माणसाजवळ बसलं की दुसऱ्याला थोडं गुदमरायला होतं.

बायको माया त्याच मताची, फक्त तिचा आवाज कमी. आचल झाली तेव्हा दोघांनी ठरवलं की पोरीवर धर्म लादायचा नाही, पण तिला त्यातलं अडाणीही ठेवायचं नाही. मग रविवारी सकाळी धर्माचा तास सुरू झाला. कधी मंदिर, कधी दर्गा, कधी विहार, कधी चर्च. गजेंद्र तिला सगळं नीट समजावून सांगायचा. हे का बांधलं, हे लोक काय मानतात, उपास कशाचा, उरूस कोणाचा. नियम एकच, हात मागे बांधून फिरायचं. एवढीशी पोरगी पाठीमागे हात घेऊन गाभाऱ्यासमोर उभी राहिली की पुजारी हसायचे. एकदा एक जण म्हणाला, "तपासनीले साहेब आले वाटते." हा किस्सा गजेंद्रनं स्टाफरूममध्ये कितीदा तरी सांगितला.

एक गोष्ट मात्र या हुशार माणसाच्या ध्यानात कधी आली नाही. माहिती सांगून झाली की तो शेवटी जरासा हसायचा. मुद्दाम नव्हे, सवयीनं. माहिती पोरगी पुढच्या रविवारपर्यंत विसरायची. हसणं तिनं बरोबर उचललं. माया एकदोनदा म्हणालीही होती, "शिकवा, पन चिडवू नका." त्यावर तो म्हणाला, "मी कुठी चिडवून राहिलो?" आणि तेव्हाही तो हसतच होता.

गजेंद्र शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग करून दाखवायचा. नारळातून धूर, जिभेवर कापूर, लिंबातून रक्त. आचल दहा वर्षांची झाल्यावर त्यानं तिला हाताशी घेतलं आणि एक नवा प्रयोग बसवला. ताटात पीठ पसरायचं, वर फडकं टाकायचं. गजेंद्र बुवाच्या आवाजात मंत्र पुटपुटायचा, आणि तेवढ्यात आचल फडक्याखाली हात घालून तीन बोटं पुढं आणि अंगठा मागं असा दाब द्यायची. फडकं काढलं की पिठात पाखराचं पाऊल! पोरं अवाक व्हायची, एखाद्या बाई नकळत हात जोडायच्या. मग गजेंद्र वळून म्हणायचा, "आचल, सांग!" आणि आचल बोटं वर करून दाखवायची. टाळ्या पडायच्या. घरी जाताना तो तिला बजावायचा, "खुलासा केल्याशिवाय स्टेज सोडायचं नाही. नाही त आपन बी बुवाच."

त्या वर्षी दिवाळीनंतर मायाचे वडील गेले. खुशालराव नांदगाव खंडेश्वरचे, घरची काळी जमीन कसणारे, दम्यानं शेवटची काही वर्षं पार बांधून टाकलेले. ओट्यावरून अंगणात उतरले तरी धाप लागायची. जावई काय काय बोलतो ते त्यांनी ऐकलेलं होतं, पण त्यावरून कधी वाद घातला नाही. गजेंद्र आला की खुर्ची पुढं सरकवायचे आणि पाऊसपाणी विचारायचे.

गाडीत माया एवढंच बोलली, "आज काही बोलू नका." गजेंद्र बोलला नाही. खांदा दिला, अंत्यसंस्कार उरकेपर्यंत शांतपणे उभा राहिला आणि मनात म्हणाला, बघा, मी किती समजून घेतो. या गप्प बसण्याचं त्याला जरा कौतुकच वाटत होतं.

स्मशानातून परत आल्यावर, दिवे लागायच्या वेळी, जिथं खुशालरावांचा जीव गेला त्या खोलीत बायकांनी जमीन पुसली आणि तिच्यावर ज्वारीचं पीठ चाळून पातळ पसरलं. मधे दिवा ठेवला, वर टोपली उपडी घातली. सकाळी टोपली उचलायची आणि पिठात काय उमटलंय ते पाहायचं. ज्या जीवाचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेला. त्या भागात हे सगळीकडेच करतात. आचलनं मात्र पहिल्यांदा पाहिलं. ती बापाच्या कानाशी लागली, "बाबा, हे कायले?"

तिथं त्याला फक्त 'मग सांगतो' म्हणायचं होतं. पण सवय कुठं जाते! तो तिच्या कानात कुजबुजला, "सकाळी एखादं झुरळ फिरून जाईन, अन् हे सारे म्हनतीन आजोबा आले." आणि हसला. अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही असं. पोरीला ऐकू गेलं.

सकाळी घरचे सगळे त्या खोलीत जमले. गोदाबाई, खुशालरावांची बायको, भिंतीला टेकून बसली होती. आदल्या दिवसापासून तिनं चहाचा घोटही घेतला नव्हता. तिच्या जावेनं टोपली उचलली. दिवा विझला होता आणि त्याच्या बाजूला, पिठात, पाखराचं पाऊल होतं. स्वच्छ, उमटून निघालेलं.

गोदाबाई गुडघ्यांवर पुढं सरकली. कितीतरी वेळ तिनं पाहिलं आणि मग म्हणाली, "पाखरू झाले. उडाले वं माय. आता दम नाही लागनार त्यायले." रडता रडता ती हसत होती. आणि तिच्या शेजारी माया, जिनं लग्नानंतर कुठल्या देवळात हात जोडले नव्हते, ती वाकली, त्या पावलाच्या बाजूच्या फरशीला तिनं हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. "बाबा," एवढंच म्हणाली.

गजेंद्रनं ते पाऊल पाहताक्षणी ओळखलं होतं. अंगठ्याचा दाब जरा तिरपा. तो तिरपेपणा जावा म्हणून त्यानंच आचलकडून किती वेळा सराव करून घेतला होता.

परसात न्हाणीजवळ आचलनं त्याला गाठलं. "बाबा, सांगायचं कधी?"

"काय?"

तिनं तीन बोटं वर केली. "सकाळी पानी प्याले उठली तवा केलं. कोनालेच नाही समजलं."

खरं सांगायचं तर, त्या क्षणी गजेंद्रला आधी कौतुक वाटलं. इतक्या मोठ्या माणसांत एकालाही शंका आली नाही, पोरीचा हात किती सफाईचा झालाय, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. क्षणभरच. पण ते आलं होतं, आणि नंतर ते आठवलं की त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवत नसे.

"आता काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

"मंग कधी? तुमीच म्हनता ना, खुलासा नाही केला त आपन बी बुवाच." तिच्या आवाजात खोडसाळपणा उरला नव्हता. ती घाबरली होती. "बाबा, आईनं बी हात लावला. मले वाटलं बाकीचे फसतीन. आई कशी काय फसली?"

"आचल, गप बस. कोनाले काही बोलायचं नाही."

"पन थे खोटं हाये ना?"

"मोठी झाली की समजन," गजेंद्र म्हणाला. दुसऱ्या आईबापांच्या तोंडून हे वाक्य आलं की त्याचा तिळपापड व्हायचा. प्रश्नाचं उत्तर देता येत नसलं की लोक पोराला असं गप्प करतात, असं तो भाषणात सांगत आला होता.

दुपारी गोदाबाईनं चहा घेतला. मायानं तिच्यासोबत दोन घास खाल्ले. आचल मात्र जेवली नाही. गजेंद्र तिला शोधत त्याच खोलीशी आला, तर ती आजीसमोर बसलेली होती.

"आजी, थे पाखरू मी काढलं."

गोदाबाईला आधी कळलंच नाही. मग आचलनं अंथरुणावर तीन बोटं आणि अंगठा दाबून दाखवला. "असं."

म्हातारी त्या बोटांकडे बघत राहिली. "कोनं शिकवलं तुले?"

"बाबांनी. पन इथं कर म्हनून नाही सांगतलं त्यायनं."

हे दुसरं वाक्य गोदाबाईच्या कानापर्यंत पोचलंच नाही. तिनं मान वर केली तर दारात गजेंद्र.

"जवाईबापू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमाले हे पटत नाही, मले मालूम हाये. मी तुमाले कधी म्हटलं काय, हात जोडा म्हनून?"

"नाही."

"त्यायनं कधी म्हटलं?"

"नाही, आई."

"मंग काहून केलं असं?"

मी नाही केलं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. आयुष्यभर तो खऱ्याच्याच बाजूनं बोलत आला होता, तेव्हा हे एवढं खरं सांगायला त्याला काय अडचण होती? पण काल संध्याकाळी याच खोलीत, त्याच पिठासमोर तो पोरीच्या कानात हसला होता. त्यानं ते वाक्य गिळलं. "चुकलं," तो म्हणाला.

गोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं विचारलं, आणि ते रागानं नव्हतं, तिला खरंच विचारायचं होतं, "आता मले कसं समजन, थे कुठी गेले?"

गजेंद्रकडे उत्तर होतं. शेकडो पोरांसमोर त्यानं ते बेधडक दिलं होतं. कुठंच नाही. माणूस मेला की कुठंच जात नाही. आजही त्याला तेच खरं वाटत होतं. पण त्या म्हातारीच्या तोंडावर ते टाकायची त्याची हिंमत होईना, आणि दुसरं काही सांगायचं तर ते खोटं. आचलही त्याच्या तोंडाकडे बघत होती. आपण या पोरीला जगातले सगळे धर्म हिंडून दाखवले, आणि रडणाऱ्या माणसाजवळ कसं बसायचं तेवढं दाखवायचं राहून गेलं, असं त्याला वाटलं.

गोदाबाईनं आचलला जवळ ओढून घेतलं. "पोरीले बोलू नका," ती म्हणाली. "लेकरू हाये थे. अन् बाहीर कोनाले सांगू नका. जनमभर लोकं इचं नाव घेतीन, आजाच्या मयतीत इनं असं केलं म्हनून. मायाले त सांगूच नका. कालपासून आता कुठी दोन घास गेले तिच्या पोटात."

"नाही सांगत."

"जा, बसा बाहीर. मानसं बसली हायेत."

बाहेर मांडवात खुर्च्या टाकल्या होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बशीरभाई बसले होते. त्यांचं फवारणीच्या पंपांच्या दुरुस्तीचं दुकान, आणि त्या दुकानाच्या बाकावर खुशालरावांनी त्यांच्यासोबत रोजची दुपार काढली होती. गजेंद्र शेजारी बसला. बशीरभाईंनी त्याचा हात हातात घेतला.

"सर, अंदर सारे बोलून राहिले, पाखराचा पाय उमटला म्हने. आमच्यात असं काही नसते. पन खुशालराव मले नेहमी म्हने, बशीर, एकदा पुरा श्वास घ्याले भेटला पायजे." त्यांचे डोळे भरून आले. "बाकी कोनी बोललं असतं त मी मनावर नसतं घेतलं. पन तुमी सवता पायलं ना? तुमी असल्या गोष्टीत झूट बोलनारे मानूस नाही. तुमी सांगा. खरंच पाखराचा होता?"

दोनचार माना त्याच्याकडे वळल्या. सगळे त्याला ओळखत होते, आणि म्हणूनच वाट बघत होते.

"हो, बशीरभाई," गजेंद्र म्हणाला. "पाखराचाच होता."

बशीरभाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "मंग बरं झालं," ते म्हणाले. "तुमी म्हटलं म्हनजे खरं."

आचल घराच्या दारात उभी होती, त्याला शोधत आली असावी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. लाज त्याला वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण ती आपल्या पोरीच्या तोंडावर दिसेल, आणि ती आपल्यापायी असेल, हे गजेंद्रला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.